बाहेरून चढणारा जिना

...आणि जिना बाहेरून आहे! बाहेरून! आता तुम्हीच सांगा, जगात कुठल्या शहाण्या माणसानं मनोऱ्याचा जिना मनोऱ्याच्या बाहेरून काढलाय? आत एवढी जागा आहे, भिंती आहेत, छप्पर आहे, माणूस पडलाच तर दुसऱ्याच्या अंगावर पडेल अशी सोय आहे... पण नाही! आमच्या कोपनहेगनातल्या तारणहाराच्या चर्चवाल्यांना सुचलं काय, तर अडीचशे पायऱ्या आतून, मग एक दार उघडायचं, आणि उरलेल्या दीडशे बाहेरून, हवेत, कळसाला गोल गोल वेटोळं घालत! वर जावं तसा जिना अरुंद होत जातो. होत होत शेवटची पायरी माझ्या पावलाएवढी, आणि तिच्यापुढे काय? काही नाही! जिना संपला! डोक्यावर सोनेरी गोळा, गोळ्यावर तारणहार उभे, आणि खाली तुम्ही, कठड्याला लटकलेले, कुणीही न तारणारे!

तुम्हाला सांगते, त्या मनोऱ्याच्या सावलीत मी एकसष्ट वर्षं काढली. सावलीत म्हणजे अगदी सावलीतच, दुपारी तीन वाजता ती माझ्या स्वयंपाकघरात यायची. तळमजल्यावर घर, बहीण दोन गल्ल्या सोडून. नवरा प्रेबेन जाऊन नऊ वर्षं झाली. तीस वर्षं चीजच्या दुकानात उभी होते, रोज त्या मनोऱ्याखालून सायकल हाणत गेले, आणि एकदा तरी वर चढले का? नाही! गावातलं कोण चढतं? चढतात ते पाहुणे. आम्ही फक्त मान वर करून म्हणतो, आज कळस चमकतोय, म्हणजे पाऊस नाही.

मग बोलले कशाला? कशाला बोलले मी!

झालं असं की गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझी शेजारीण आग्नेते मला ओढून गाण्याच्या शिबिरात घेऊन गेली. आठवडाभर गायचं, बटाटे खायचे, पुन्हा गायचं. तिथं माझ्या मागच्या रांगेत थोरकिल्ड. पार तिकडचा, जर्मनीच्या हद्दीलगतचा, जुटलंडच्या दक्षिण टोकाचा, टोन्डरजवळच्या दलदलीतला. बायको वारलेली. चाळीस वर्षं गुरांचा डॉक्टर. गळ्यात आवाज असा की मागून गायला लागला की माझ्या खुर्चीचे पाय थरथरायचे. शिबिर संपलं, आणि त्यानं दर रविवारी संध्याकाळी सातला फोन करायला सुरुवात केली. दर रविवारी! आता नऊ वर्षं ज्या बाईचा फोन दातांच्या दवाखान्याशिवाय कुणी वाजवला नाही, ती बाई सोमवारपासून रविवारची वाट बघायला लागते, यात माझं काय चुकलं?

पण फोनवर बोलणार काय? तो सांगायचा, आज एक वासरू आडवं आलं होतं, कोपरापर्यंत हात घालून सरळ केलं. मी काय सांगू? आज अर्धा किलो चीज कापलं? म्हणून एका रविवारी माझ्या तोंडून गेलं, "मी आज आमच्या मनोऱ्यावर जाऊन आले. मी नेहमी जाते. मन रमतं हो वर. स्वीडन दिसतं."

पलीकडून तो म्हणाला, "असं? दमत नाही तुम्ही?"

आणि मी म्हटलं, "छे! लिफ्ट आहे ना!"

कशाला बोलले मी! मग तो म्हणाला, "वा. मेमध्ये येतो मी. दाखवा मला."

मेपर्यंत माझी झोप उडाली. आग्नेते म्हणाली, "सांगून टाक की तू चढत नाहीस म्हणून." सांगून टाक! म्हणजे सहा महिने मी खोटं बोलत होते हेही सांगून टाकू? आणि मग त्यानं म्हटलं, बाईसाहेब, मनोऱ्याचं खोटं, तर बाकीचं काय खरं? आणि रविवारी सातला फोन वाजला नाही... तर? मनोऱ्यावरून पडण्याची भीती एक, पण संध्याकाळी सातला न वाजणाऱ्या फोनपुढे बसण्याची भीती... ती मला पाठ आहे हो. ती नऊ वर्षं भोगलीये मी.

तो आला. हातात घरच्या मेंढीची लोकर आणि गळ्यात विणलेला मफलर, मे महिन्यात! मी ठरवलं, याला इतकं दाखवायचं, इतकं दाखवायचं की पाय दुखून स्वतःच म्हणेल, मनोरा राहू द्या. पहिल्यांदा नेलं बंदरावरच्या जलपरीच्या पुतळ्याकडे. सगळं जग येऊन बघतं तिला. तो तिच्यापुढे उभा राहिला, टोपी काढली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "एवढीच? आमच्याकडे वासरू जन्मतं ते याहून मोठं असतं." मग राजाचा किल्ला, मुकुट, हिरे. "हं." मग गावातला दुसरा, गोल मनोरा. तिथं मला भीती वाटत नाही, कारण पायऱ्याच नाहीत, नुसता रुंद चढ, दोन्हीकडे जाडजूड भिंती, म्हणे रशियाचा झार घोड्यावर बसून वर गेला होता. थोरकिल्डनं भिंतीवर थाप मारली. "गायसुद्धा चढेल इथं," म्हणाला. "उतरवणं कठीण. गाय चढते, पण उतरत नाही." मी हसले. हसले! काय म्हणून हसले मी?

शेवटची आशा वाऱ्यावर होती. जोरात वारा सुटला की मनोरा बंद ठेवतात. आणि आमच्या गावाला वारा म्हणजे... अहो, आमच्याकडे छत्र्या उलट्याच असतात! वर्षातून दोन दिवस वारा पडतो. दोन! तुम्हाला सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा सरकवला तर समोरच्या दोरीवर कुणाचा तरी पायजमा वाळत घातला होता. तो हलत नव्हता. टांगल्यासारखा स्तब्ध!

"चला," थोरकिल्ड म्हणाला. "लिफ्ट किती वाजता सुरू होते?"

मी म्हटलं, "बिघडलीये."

आतल्या अडीचशे पायऱ्या मी कशा चढले ते विचारू नका. लाकडी, उभ्या, शिडीसारख्या. फटीतून खालचं दिसतं. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर. समोरून एक अवाढव्य जर्मन गृहस्थ उतरत आले, "माफ करा, माफ करा" म्हणत माझ्या पोटाला पोट घासून गेले, प्रेबेन गेल्यापासून एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं, पण त्याचाही आनंद घेता आला नाही! घंटांच्या माळ्यावर पोचलो आणि बरोबर अकरा वाजले. तुम्ही कधी घंटेच्या शेजारी उभं राहून अकरा ऐकलेत? ते कानांनी ऐकू येत नाहीत. दातांनी ऐकू येतात! मी खांबाला मिठी मारली. थोरकिल्ड म्हणाला, "छान सूर आहे."

आणि मग ते दार.

दार उघडलं आणि समोर आकाश. नुसतं आकाश! खाली छपरं, कालवे, होड्या नखाएवढ्या, सायकलीवरचे लोक मुंग्यांएवढे, आणि त्या मुंग्यांत माझी आग्नेते, पिवळी टोपी घालून हात हलवणारी. आमच्यात लहानपणापासून सांगतात की हा कळस बांधणाऱ्याला कळलं, वेटोळं उलट्या बाजूला गेलंय, म्हणून त्यानं वरूनच उडी मारली. खोटं आहे म्हणतात. बिचारा सावकाश अंथरुणात मेला म्हणतात. पण त्या पायरीवर उभं राहून बघा, तुम्हाला काय खरं वाटतं ते!

मी चढले. का चढले? कारण मागून तो येत होता आणि मी म्हटलं होतं, नेहमी येते. दहा पायऱ्या. वीस. तीस. कठडा गार. कळस हलतोय. तुम्ही म्हणाल वारा नव्हता, मग हलेल कसा? मला माहीत नाही! मला हलताना दिसत होता! चाळिसाव्या पायरीवर माझे पाय थांबले. मी त्यांना सांगितलं, चला. ते माझं ऐकेनात. दोन्ही हातांनी कठडा असा धरला की बोटं पांढरी पडली. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. वळायचं म्हणजे खाली बघायचं!

वरून रेनकोट घातलेली एक बाई उतरत आली. गोड आवाजात म्हणाली, "जरा सरकता का?"

सरकता! कुठे सरकू बाई, हवेत?

"बोडिलबाई," मागून थोरकिल्डचा आवाज. "काय झालं?"

आणि तुम्हाला सांगते, तिथं, जमिनीपासून साठ मीटर वर, कठड्याला घोरपडीसारखी चिकटून, डोळे मिटून मी ओरडले, "लिफ्ट नाहीये! कधीच नव्हती! मी कधीच आले नाही इथं! मी खोटं बोलले!"

खाली कुठेतरी बदक ओरडलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"विसाव्या वर्षी सैन्यात होतो, तेव्हा चढलोय मी इथं. लिफ्ट कुठली आलीये?"

"मग... मग मला वर कशाला आणलंत?"

"मी कुठे आणलं? तुम्हीच पुढे चालत होता. मला वाटलं, पहिल्या पायरीवर कबूल कराल. मग वाटलं, घंटांपाशी. जिद्दी बाई आहात."

मला त्याला मारायचं होतं. पण मारायला हात सोडावा लागतो!

मग त्याचा आवाज बदलला. खालचा, जाड, शिबिरात माझ्या खुर्चीत शिरायचा ना, तो. "ऐक गं बाई," म्हणाला. एकदम तूवर आला! "ऐक. हलायचं नाहीस. मी आहे." आणि मफलर काढून माझ्या डोळ्यांवर बांधला. गवताचा आणि साबणाचा वास. "हं. आता उलटं उतरायचं. तोंड वरच, पाय खाली. मी मागे आहे. डावा. हं, शाब्बास. थांब. आता उजवा. शाब्बास गं, शाब्बास." तुम्हाला सांगते, तो माझ्याशी गाईशी बोलतात तसं बोलत होता! बासष्टाव्या वर्षी, गावच्या सगळ्यात प्रसिद्ध इमारतीवर, पाहुण्यांची रांग लावून, एक माणूस मला गोठ्याबाहेर काढल्यासारखा उतरवत होता आणि मी... मी उतरत होते हो! एक एक पाय. त्याचा तळहात माझ्या पाठीवर, भाकरीच्या तव्याएवढा, आणि मला वाटत होतं, हा हात निघाला की मी संपले.

तो सारखा प्रश्न विचारायचा, माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून. "चीज कोणतं आवडतं?"

"जुनं! वासाचं!"

"डावा. दुखतंय कुठे?"

"नाही!"

"उजवा. हात काढू?"

"नको! नको!"

"बरं. डावा. हिवाळ्याआधी माझ्याकडे राहायला येशील? कायमची?"

"हो! हो! काहीही! पण हात काढू नका!"

वरून टाळ्या! त्या रेनकोटवाल्या बाईनं सुरू केल्या, मग सगळ्या रांगेनं. मला वाटलं, माझी एक पायरी झाली म्हणून वाजवताहेत. मीसुद्धा मान हलवून आभार मानले! कशाला बोलले मी? कशाला मान हलवली?

दारातून आत आले, अडीचशे पायऱ्या बसून बसून उतरले, लहान मूल उतरतं तशी. खाली बाकावर आग्नेतेनं हातात कॉफी दिली, अर्धी बशीत सांडली. थोरकिल्ड शेजारी बसला, मफलर घडी करत. "मग घर विकणार की बहिणीला देणार?"

मी म्हटलं, "कुणाचं घर?"

त्यानं सांगितलं, वर मी कशाला 'हो' म्हटलं होतं ते.

मागं घेता आलं असतं. कुठल्या कोर्टानं ते "हो" मानलं असतं? मी तोंड उघडलं, आणि बघितलं तर त्याच्या कपाळावर घाम. एवढ्या वेळात एकदाही घाम न आलेला माणूस. मफलरची घडी चौथ्यांदा करत होता आणि ती त्याला जमत नव्हती. वर, तिथं, तो घाबरला नव्हता. इथं, सपाट जमिनीवर, माझ्या तोंडाकडे बघताना घाबरला होता. आणि असं मला बघून कुणी घाबरलंय, कधी? चीजच्या दुकानात? घरात? कधीच नाही.

मी म्हटलं, "बहिणीला देते."

सप्टेंबरमध्ये गेले. आणि काय सांगू तुम्हाला, सुख! सपाट! जिकडे बघावं तिकडे गवत, मेंढ्या आणि आकाश, मधे काही नाही. घर बैठं, माळासुद्धा नाही. पहिल्या संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात बसलो, राईचा पाव, तळलेला मासा, कॉफी. मी म्हटलं, "थोरकिल्ड, इथं उंच असं काहीच नाही ना हो?"

"नाही. तो एक बांध सोडला तर."

खिडकीतून दिसत होता, गवताचा लांबलचक उंचवटा, वर मेंढ्या चरताहेत. सुंदर! "तो कशाला?"

"पलीकडे समुद्र आहे ना."

"बरं. किती खाली?"

"खाली?" त्यानं पाव कॉफीत बुडवला, सावकाश चावला. "भरतीला खाली कुठला... भरतीला तो वर असतो. खाली आपण असतो. खिडकीच्या, साधारण... मधोमध धर. पण बांध चांगला आहे. मोठं वादळ आलंच तर रेडिओवर सांगतात. मग छपरावर जाऊन बसायचं. आजोबा बसले होते दोन दिवस."

मी पाव खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी गावात जाऊन शिडी आणली. ॲल्युमिनियमची, छपरापर्यंत जाणारी. रोज सकाळी सराव करते. तो खाली उभा राहून धरतो आणि म्हणतो, "डावा. शाब्बास गं." महिना झाला. तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलेय. एकूण अकरा आहेत.

आता समुद्रानं तेवढा दम धरला म्हणजे मिळवलं.