देशमुखाची पेटी

खोटं कावून बोलू? केजच्या देशमुखाचं रिव्हॉल्वर कंपनीच्या मूळ पेटीत होतं आन् माझं धोतराच्या फडक्यात, म्हणून मी लई जळायचो. हैदराबादेहून जुन्या हत्यारांचा पारखी यायचा होता, तवा मी आगोदरच काडी टाकली, "देशमुख, पेटीतली मखमल कळकट झालीया. नवी लावा की!"

त्यानं लावली. माझ्या ओसरीवर पारख्यानं पेटी उघडली आन् म्हणाला, "असलियत गेली. किंमत निम्मी!"

हसू दाबत मी फडकं सोडलं. माझ्या रिव्हॉल्वरचा मूळचा काळा रंग जाऊन ते चांदीसारखं लखलखत होतं. दाराआडून बायको म्हणाली, "चिंच-राखेनं घासलंय. देशमुखापुढं आपलं कमी दिसाया नको!"

पारख्यानं कपाळाला हात लावला. देशमुख म्हणाला, "पाटील, पेटी ठेवा तुमालाच. झाकाया लागंल!"