हसायचंही आणि जांभईही

...नाही हो, झोप नाही आलेली, हा माझा जबडा दुखतोय! आणि कशानं विचारा... गाण्यानं! गाण्यानं म्हणे माणूस ताजातवाना होतो. कोण म्हणतं? आणा त्याला माझ्यासमोर!

तुम्हाला सांगतो, दिवसभर मी औषधाच्या दुकानात उभा आणि संध्याकाळी समूहगानात मागच्या रांगेत उभा. वर्षानुवर्षं मागच्याच! यंदा एका गाण्यात चार ओळी एकट्यानं म्हणायच्या होत्या. म्हटलं, देवा, गुडघे जायच्या आत एवढ्या तरी मला मिळू देत. तर आम्हाला गाणं शिकवणाऱ्या नव्या बाई म्हणतात, "तुमच्या आवाजात कियारोस्कुरो कमी आहे." म्हटलं, रक्त तपासून घेऊ का? "अहो, इटालियन शब्द आहे तो! उजेड नि अंधार, दोन्ही एकाच सुरात. गालात हसा, सूर उजळतो. घशात जांभई धरा, सूर गडद होतो." हसायचं पण, जांभई पण... सांगा, कसं जमावं माणसाला?

बरं, सराव कुठं करणार? दुकानातच! एक आजी आल्या, "ही गोळी रोज घ्यायची का रे?" मी गालात हसलो, घशात जांभई धरली, "होऽऽ आजीऽऽ..." झालं! "मेल्या, मला हसतोस, वर जांभया देतोस? बोलाव तुझ्या मालकाला!" घरी आलो तर बायको म्हणते, "हेच तोंड आहे की आपल्या लग्नाच्या फोटोत. तेव्हा कुणी शिकवलं होतं?" हसायचं पण, जांभई पण... जीव मेटाकुटीला आला हो!

निवडीच्या दिवशी सूर लावला, तर हसू एकीकडे, जांभई भलतीकडे. फार वाईट वाटलं. कसंनुसं हसून म्हटलं, "राहू द्या बाई. द्या त्या ओळी दुसऱ्या कुणाला तरी."

बाई ताडकन उठल्या! "हाच! हाच तो आवाज! इतके दिवस कुठं लपवला होतात?" मी हरखून गायला लागलो... गेला! पुन्हा म्हटलं, "नाही जमत हो"... आला! गायलो... गेला! बाईंनी कपाळाला हात लावला.

ओळी मिळाल्या रांगेत माझ्या शेजारी उभं राहणाऱ्या चष्मेवाल्याला. पण बाई दयाळू! कार्यक्रमाच्या दिवशी मला एकट्याला पुढं उभं केलं, झगझगीत प्रकाशात. मी तोच आवाज लावला, "रसिकहो... कृपया... आपले मोबाईल बंद करावेत..."

सभागृह चिडीचूप. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पहिल्या रांगेतले एक आजोबा हळूच विचारतात, "कोण गेलं हो?"

काय सांगू त्यांना? माझ्या चार ओळी गेल्या, आजोबा!