सव्वादोनची बांगडी

(अमडापूर. बाजाराच्या दिवशी सकाळी, पुष्पाबाई कासारणीच्या दुकानात.)

सरस्वती : सरकवा ना मावशी! भेता काऊन? हात हाये माझा, काच नाही.

पुष्पाबाई : सव्वादोनची कायले मांगून राह्यली व सरू? तुले अडीच लागते.

सरस्वती : ते आधी. आता डोक्यातली गाठ नाकातून काढली न! तीन महिने झाले. तीच हातपाय वाढवत होती म्हणे. डॉक्टरनं विचारलं, हात कधीपासून वाढले? म्या म्हटलं, आमच्या कासारणीले विचारा.

पुष्पाबाई : अन् विचारलं त काय सांगणार होती मी? लग्नात सव्वादोन. पूनम पोटात होती, तवाच्या डोहाळजेवणालेही सव्वादोन. पोरगी दहावीत गेली, तवा अडीच. मी म्हणे, अंगठी काढ, बोटात रुतली. तू म्हणे, खातंपितं घर हाये मावशी!

सरस्वती : चपलाही गड्याच्या घेत होती मी. सारे हसत. लावा आता साबण.

पुष्पाबाई : हात सैल सोड. इकडे पाह्य, माझ्याकडे. पूनमच्या लग्नाची तारीख काढली का?

सरस्वती : हाव, एकवीस... आई व!

पुष्पाबाई : गेली.

सरस्वती : गेली! सव्वादोन! मंग जाऊ द्या ते चिखलीची जीप. चहा ठेवा मावशी, सकाळपासून उपाशी हाये.

पुष्पाबाई : उपाशी काऊन?

सरस्वती : चिखलीच्या दवाखान्यात रक्त द्याचं होतं आज. साखरेचं पाणी पाजतात, अन् अर्ध्या-अर्ध्या तासानं रक्त काढतात. तो वाढीचा हार्मोन खाली गेला त बरं. नाही गेला त गाठ उरली म्हणतात. मंग दर महिन्याले सुई. लग्नाच्या तोंडावर मले ते ऐकाचंच नाही. मनात धरलं होतं, सव्वादोनची गेली त मी बरी. झालं! ठेवा चहा.

पुष्पाबाई : चहा नाही ठेवत. दे हात.

सरस्वती : काऊन?

पुष्पाबाई : बांगडी वाढवते.

सरस्वती : घरात लग्न हाये मावशी, बांगडी फोडाचं काय बोलता!

पुष्पाबाई : ऐक. हात नाही बारीक झाला तुझा. अंगठ्याखाली दाबलं अन् सरकवली. तारीख कायले विचारली? तुझं ध्यान हटवाले.

सरस्वती : मले फसवलं?

पुष्पाबाई : आजच नाही, सात वर्षं झाले. बाईले हात मोठा झाला म्हटलं की ती दुसरं दुकान धरते. म्हणून दाबून दाबून अडीचच घालत आली मी. खरं माप पावणेतीन व तुझं. मी तवाच बोलली असती, त तू तवाच डॉक्टरकडे गेली असती.

सरस्वती : ...म्हंजे गाठ हाये अजून?

पुष्पाबाई : मले काय कळते? हात जरासा नरम लागला, इतकंच सांगते. बाकी ते रक्तात पाहतील.

सरस्वती : मले भेव लागते मावशी.

पुष्पाबाई : मलेही लागून राह्यलं. ऊठ. माझी चप्पल कुठं गेली ते पाह्य.

सरस्वती : तुम्ही येता? बाजाराच्या दिवशी दुकान बंद?

पुष्पाबाई : राहू दे बंद. जीपवाल्याले हात दाखव, तो हॉर्न देऊन राह्यला.

सरस्वती : अन् माझा लग्नातला चुडा?

पुष्पाबाई : आल्यावर भरू. पावणेतीनचा. साबण न लावता.