सभामंडपाची भेग

वर्ध्याच्या स्टुडिओत मी आमच्या कीर्तनकार बुवांचा फोटो न्यायला बसलो होतो. आंजी गावचे पंच सदाशिवराव पत्नी देवकाबाईंना घेऊन आले. देवळाचा जुना सभामंडप दुरुस्त व्हावा म्हणून सरकारात अर्ज जायचा होता, त्याला लावायचा फोटो स्टुडिओवाल्या बंडूजींसमोर होता.

"बंडूजी, ही भेग मिटवा."

"फोटोच्या काचेवर पेन्सिल फिरवली की मिटते, सदाशिवराव."

"अन् भिंतीतला पिंपळ?"

"तोबी जाते."

"आभाळ लई काळं दिसून राह्यलं, सुतक असल्यावानी. उजळ करा."

"अहो, भेगच मिटवली तर साहेब दुरुस्ती काऊन मंजूर करन?"

"तुले नाई समजत, देवका. साहेबाले काय वाटन, आंजीचे पंच इतके गबाळे?"

"मागच्या श्रावणात मंडप गळत होता, कीर्तनात बुवा एका हातात छत्री धरून उभे होते. टाळ कसे वाजवावे? भिजले बिचारे, पण अभंग नाई सोडला."

"ह्या फोटोत गळते का कुठं, देवका?"

"नाई गळत."

"मंग झालं! बंडूजी, कळसबी चमकवा."

"अन् बंडूजी, मंडपात बुवाबी चितारून द्या. यंदा श्रावणात आम्ही बाया कीर्तनाले फोटोपुढंच बसू."