नाव नसलेली यादी

मनोरमा : ‘यादीला नाव दे, मनोरमा. नाव नसलेली यादी मशीनला चालते, माणसाला नाही.’ तुझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला.

संग्राम : बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आता कंपनी मी चालवतो. आणि ऑफिसात मला सर म्हणायचं ठरलंय.

मनोरमा : बरं, सर. बर्फाच्या कारखान्याच्या प्रोग्रॅममधून खोल्याखोल्यांच्या हुकुमांच्या सगळ्या याद्यांची नावं तुम्ही काढलीत. मला न विचारता.

संग्राम : तुम्हाला का विचारू? पुण्याच्या पार्टीला डेमो देत होतो. स्क्रीनवर काय आलं, तर ‘व्हेरोनिकाची खोली’. अख्खं टेबल हसलं. म्हणे, हे फोर्थ भाषेतलं प्रोग्रॅमिंग आहे की वाडीतलं रेशनकार्ड?

मनोरमा : व्हेरोनिका तीस वर्षं तिथे गॅसच्या व्हॉल्व्हपाशी बसायची. कारखान्यात त्या खोलीला दुसरं नाव नाही.

संग्राम : मग मॅन्युअल वाचायचं.

मनोरमा : सोमवारी अमोनिया गळायला लागला, तेव्हा तिथल्या ऑपरेटरनं, केनीनं, रोजच्यासारखं खोलीचं नाव टाइप केलं. नावानंतर ‘वर्ड्‌स’ टाकलं की त्या खोलीचे सगळे हुकूम ओळीनं समोर येतात. एवढंच त्याला शिकवलंय. या वेळी मशीननं नुसतं प्रश्नचिन्ह दाखवलं. शेवटी हातानं व्हॉल्व्ह बंद करायला आत गेला. कोपरापर्यंत पोळलाय.

संग्राम : ‘ऑर्डर’ टाकायचं होतं ना. याद्या दिसतात.

मनोरमा : आकडे दिसतात. सहा लांबलचक आकडे. नाकातोंडात गॅस जाताना कुठला आकडा कुठल्या खोलीचा, हे तुम्ही तरी सांगाल का?

संग्राम : उपास करून करून डोकं हलकं झालंय तुमचं. मला शिकवू नका.

मनोरमा : उपास माझा आहे, तो राहू द्या बाजूला. हात केनीचा आहे.

संग्राम : पुढच्या आठवड्यात पार्टी कारखाना बघायला येतेय. ती नावं परत दिसता कामा नयेत. इथला एकही कॉम्प्युटर त्यासाठी उघडायचा नाही.

मनोरमा : इथला लागतही नाही. चालू मशीनवर, तिथल्याच कीबोर्डवरून नाव देता येतं. एकेक आकडा उघडायचा, आतले हुकूम वाचायचे, खोली ओळखायची, नाव द्यायचं. त्यासाठीच तर बाबांनी फोर्थ घेतलं होतं.

संग्राम : तिथे पाऊल टाकलंत तर उद्यापासून इकडे येऊ नका.

मनोरमा : केनी आज दोनच्या शिफ्टला येतोय, तसाच पट्टी बांधून. बदलीला माणूस नाही. तो मशीनपाशी उभा राहायच्या आत नावं जागेवर असतील, असं मी त्याला हॉस्पिटलात कबूल केलंय.

संग्राम : एका ऑपरेटरसाठी सव्वीस वर्षांची नोकरी घालवताय?

मनोरमा : कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यात.

संग्राम : ताई, नाटकं नकोत. निदान ‘गॅस रूम’ तरी लिहा.

मनोरमा : ‘गॅस रूम’ तिथे कोणी शोधणार नाही.

(जिना उतरता उतरता मनोरमा फोन लावते.)

मनोरमा : केनी, मी निघाले रे. पाचूबंदरला, कारखान्यात, दीडपर्यंत पोचते.

केनी : ये मावशी. पन माझा हात बांधलेला हाय. टाइप नाय होनार.

मनोरमा : तू नुसता शेजारी बस आणि खोल्या सांग. टाइप मी करते.