कुणी उचललं?

यावलच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत दीपमाला बसली होती. मागच्या बाकावर भूपेंद्र नावाचा एक तरुण आपल्या मावशीला सांगत होता.

"आमच्या हॅम रेडिओ क्लबचा, म्हणजे बिनतारी यंत्रावर दूरदूर बोलणाऱ्या हौशी लोकांचा, हिवाळी कॅम्प होता, सातपुड्यात. तंबूतून मी रेडिओवर धुळ्याच्या सुकदेवनानांशी बोलत होतो. बोलता बोलता नाना खुर्चीसकट पडल्याचा आवाज आला."

"अरे देवा!"

"माइकचं बटण त्यांच्या अंगाखाली दाबलेलं राहिलं. त्यांची घरघर आम्हाला ऐकू येत होती, पण बटण सुटल्याशिवाय आमचं बोलणं तिकडे जाईना."

"मंग फोन करायचा ना!"

"केला. तो नानांच्या खोलीत वाजताना रेडिओवरच ऐकू आला. मग कुणीतरी कापला."

दीपमालाच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

"कोणी कापला?" मावशीनं विचारलं.

"त्यांच्या मुलानं, योगराजनं. 'कुठंबी झोपा काढतो म्हातारा,' म्हणाला अन् दार लोटून गेला."

"वाकून पाहिलं बी नाही?"

"नाही. शेवटी शेजाऱ्यांना फोन केला. त्यांनीच दवाखान्यात नेलं."

"वाचले का?"

"वाचले. परवा भेटलो, तर मला विचारतात, 'योगराजनंच उचललं ना रे मला?'"

"मंग तू काय सांगितलं?"

"हो म्हणालो, मावशी."