आमचे हे पिकअपखाली

...आन वरून मलाच म्हणतेत, रत्ना, तू लई घाबरट हायेस! मी घाबरट? अवो, तुम्हीच सांगा, जुनीपुराणी पिकअप एका वीतभर जॅकवर उचललेली, मागचं एक चाक काढून बाजूला ठेवलेलं, गाडीखाली माझा नवरा उताणा पडलेला, हातात पाना, दातात दोन नटं धरलेली, म्हणजे काय बोलू राह्यलेत ते बी धड कळंना... आन बायकोनं घाबरायचं नाय? मग कधी घाबरायचं? पेपरात फोटो आल्यावर?

तुम्हाला सांगते, रविवारी सकाळपासून मी एकच म्हणू राह्यले होते, अवो, निघा बाहीर! आन त्यांचं खालून एकच, "तू घाबरू नको, मी हाय ना खाली!" अवो, खाली हायेत म्हणून तर घाबरते नं! बाहीर असते तर कशाला घाबरले असते?

आता पहिल्यापासून सांगते. आमचे हे म्हणजे पुंडलिकराव. इथंच चिकलठाण्यात कंपनीत कामाला. आन सुट्टीच्या दिवशी बिडकीनहून थोरल्या दिराची मोसंबी गाडीत भरायची न् मार्केटला पोचवायची, हा त्यांचा शौक. गाडी दोन हजार आठची. आमचं लग्न तिच्याआधी दोन वर्षं झालेलं, पण जपतेत तिला जास्त! तर झालं काय, मोसंबीचे कॅरेट भरले की ती मागून बसायला लागली. मागच्या चाकांच्या वर ते लोखंडाच्या पट्ट्या असतेत नं, एकीवर एक रचलेल्या, सगळा भार त्याच्यावर... पाटे म्हणतेत त्याला. ते पाटे झाले जुने. खड्डा आला की गाडी अशी बोंबलायची, अशी बोंबलायची, रस्त्यावरचे कुत्रे बाजूला व्हायचे!

मग गेले हे जब्बारभाईकडं. मुकुंदवाडीला गॅरेज हाय त्यांचं, वीस वर्षांची वळख. जब्बारभाईनं वाकून पाह्यलं न् म्हणाले, "पुंडलिकभाई, पाटे छोडो, इसकी तो कमर ही गयी. भंगार में डाल दो." बस! एवढंच म्हणाले. पण यांना असं लागलं, असं लागलं, जसं काय यांनाच भंगारात घाला म्हणले! घरी आले, जेवले नाय. "आजपासून जब्बारचं तोंड बघणार नाय. मी सोता बसवतो पाटे. मेलो तरी त्याला बोलवायचं नाय!"

आता हे ‘मेलो तरी’ कशाला म्हणायचं, मला सांगा? असल्या कामाला निघालेल्या माणसानं म्हणावं का?

मग फोनमधी एक सरदारजी सापडला यांना. बारा मिनिटाचा व्हिडिओ. बारा मिनिटात त्यो जुना पाटा काढतो, जाड पाटा बसवतो, नटं आवळतो न् हात झटकून मोकळा. हे चार दिवस तेच बघायचे. जेवताना, अंघोळीला जाताना. मी म्हणलं, अवो, त्या सरदारजीच्या मागं चार माणसं उभी हायेत, दोन भलेमोठे जॅक हायेत. तुमच्या मागं कोण हाय? तर म्हणतेत, "तू हायेस की!"

झालं. रविवारी सकाळी नऊला कंपाऊंडच्या भिंतीला लावून गाडी उभी केली, जॅक लावला, चाक काढलं, आन हे गेले पाठीवर सरकत सरकत आत. बाहीर राह्यले निस्ते पाय. मी उभी टॉर्च धरून. आन माझी नजर गेली त्या जॅकवर... त्याच्या बुडाशी काळं काळं वलं दिसू राह्यलं. मी म्हणलं, अवो, ह्या जॅकातून कायतरी गळतंय. "तेल असतंय त्यात. गळायचंच. तू घाबरू नको, मी हाय ना खाली!"

मला राहवंना. मी म्हणलं, ते काढलेलं चाक तरी गाडीखाली सरकवा, आधाराला. तर म्हणतेत, "सरदारजीनं कुठं ठेवलं चाक?" मी म्हणलं, सरदारजीची बायको बी नाय तिथं उभी! आन मी ऐकलंच नाय, टॉर्च ठेवली खाली, ते चाक आडवं केलं, बसले जमिनीवर, न् दोन्ही पायांनी दिलं ढकलून गाडीखाली. हे आतून वरडले, "अगं, अडचण करून ठेवली नं! हात फिरवायला जागा नाय राह्यली!" मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या अडचण.

दहा वाजले, अकरा वाजले. सरदारजीचे बारा मिनिट काय संपंनात. आन मी काय करू राह्यले होते माहीत हाय का? आमच्या भिंतीला वर पिवळा न् खाली चॉकलेटी रंग हाय, मधी पट्टी. गाडीच्या मागच्या उघडायच्या फाळक्याची कड त्या पट्टीच्या चार बोटं वर होती. मी मोजून ठेवली होती. मग बघते तर तीन बोटं. म्हणलं, आपलीच बोटं जाड झाली का काय? परत मोजलं. तीनच. मग अडीच...

"अवो, गाडी खाली येतीय!"

"भास हाय तुझा."

"अवो, दोन बोटं राह्यलीत!"

"रत्ना, तू निस्ती टॉर्च धर, गाडी मी धरतो."

गाडी मी धरतो म्हणे! आन तेवढ्यात त्या जॅकातून आवाज आला... सूंऽऽऽ... लई मोठा नाय हो, चहाचं भांडं उतू जायच्या आधी करतंय तेवढाच. आन गाडी बसली. धाप्पकन नाय, माय... हळूहळू, आरामात, जशी काय म्हातारी पाटावर बसतीय! मी डोळे गच्च मिटले. किंचाळले का नाय ते मला म्हाईत नाय, शेजारी म्हणतेत की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

डोळे उघडले, तर गाडी थांबलेली. त्या चाकावर टेकून थांबलेली. आन खालून आवाज... "रत्ना... टॉर्च कुठं गेली?"

जित्ते हायेत! मी जमिनीवर लोटांगणच घातलं न् आत पाह्यलं. छाती मोकळी, डोकं मोकळं, पण गाडीच्या सांगाड्याची ती आडवी लोखंडी पट्टी बरोब्बर पोटावर येऊन बसलेली. दाबलेली नाय, पण टेकलेली. म्हणलं, निघा बाहीर! तर हलता येईना. श्वास सोडला असता, तर पोट आत गेलं असतं न् निघाले बी असते कदाचित. पण श्वास सोडला की बोलता येत नाय... आन आमचे हे बोलायचं थांबतेत का? "काय नाय झालं. इथून दिसतंय मला, पाटा बरोबर बसू राह्यला. तू घाबरू नको, मी हाय ना खाली!"

अवो, आता तर खरंच खाली होते नं! कायमचे!

तेवढ्यात आले शेजारचे काकासाहेब. एसटीतून रिटायर. होते कंडक्टर, पण बोलतेत असं की आईनं इंजिनातच जन्म दिला. चष्मा पुसला, गाडीला एक चक्कर मारली, न् म्हणतेत, "वैनी, सोपं हाय. गाडीला पुढं धक्का देऊ. गाडी पुढं जाईल, पुंडलिक मागं राहील."

मला सांगा, ह्याला सोपं म्हणतेत का हो? आन खालून आमचे हे काय म्हणले असतील? "हां काकासाहेब! आधी हँडब्रेक सोडा!"

चार-पाच बाप्ये जमले तवर. हात लावायला लागले गाडीला. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी पदर खवसला, चाक खोलायची लोखंडी टॉमी पडली होती ती उचलली न् गाडीसमोर जाऊन उभी राह्यले. म्हणलं, ज्याला गाडीला धक्का द्यायचाय नं, त्यानं पहिल्यांदा माझ्यावरून न्यायची! काकासाहेब दोन पावलं मागं सरकले. म्हणले, "मी निस्तं सुचवलं." सुचवलं म्हणे!

आन मग मी भिंतीकडं तोंड केलं न् हळूच जब्बारभाईला फोन लावला. खालून लगेच, "कोणाला फोन करू राह्यली गं?" मी म्हणलं, माहेरी. "त्यांना सांगू नको उगं. हसतेन."

जब्बारभाई पहिल्यांदा हसलेच. "क्या बोलते भाभी, पुंडलिकभाई खुद नीचे गये?" मग मी म्हणलं, जॅकातून तेल गळतंय. हसू बंद. एकदम बंद. "भाभी, गाडी किसपे टिकी है?" मी म्हणलं, चाकावर. "किसी को हाथ मत लगाने दो. किसी को बी! मैं आया."

तुम्हाला सांगते, त्यो माणूस हसत होता तवर मला धीर होता. हसायचा थांबला न् माझा धीर सुटला.

मी येऊन बसले यांच्या पायाशी. आन माझ्या ध्यानात आलं... खालून आवाज येईना. सकाळपासून जे तोंड बंद झालं न्हवतं, ते बंद. मी म्हणलं, अवो? नाय. अवो, ऐकू राह्यलेत का? नाय. मी त्यांचा अंगठा धरला पायाचा. घट्ट. म्हणलं, बोलू नका, निस्ता अंगठा हलवा. लई वेळानं हलला. जरासा. आन खालून बारीक आवाज आला. एवढा बारीक की आमच्या लग्नात बी त्यांनी एवढ्या हळू नाव घेतलं न्हवतं माझं.

"रत्ने... मला भेव वाटू राह्यलंय गं."

आता काय बोलावं माणसानं? आतापर्यंतचा सगळा राग माझ्या तोंडापर्यंत आलेला होता, सगळा गिळला. म्हणलं, "तुम्ही घाबरू नका... मी हाय ना बाहीर."

आन बसले अंगठा धरून. समोर काकासाहेब उभे, ते बी गप. कंडक्टर माणूस गप बसला म्हणजे वळखा!

जब्बारभाई आले दोन जॅक घेऊन, लाकडाचे जाड ठोकळे घेऊन. आडवे झाले, आत टॉर्च मारली, एकीकडं जॅक, दुसरीकडं जॅक. बोटभर उचलायचं, ठोकळा सारायचा. बोटभर उचलायचं, ठोकळा सारायचा. मी भिंतीवरच्या त्या पट्टीकडं बघितलंच नाय. मला आता काय बी मोजायचं न्हवतं! मग जब्बारभाई म्हणले, "पुंडलिकभाई, साँस छोडो. पूरी." आन एक पाय काकासाहेबांनी धरला, एक मी, न् वढलं! आले बाहीर सरकन. काळेकुट्ट, सदरा फाटलेला, केसात ग्रीस. उभे राह्यले. मला वाटलं, आता काय बोलतेत... तर काय बोलावं?

"पाटा बसला."

मी चहा आणला. कप हातात दिला, तर कप बशीवर असा वाजू लागला, टकटकटकटक... निम्मा चहा सांडला. मग मी बशीत वतून माझ्या हातानं पाजला. चार लोकांसमोर. कोणी हसलं नाय.

जब्बारभाईनं मला बाजूला घेतलं. "भाभी, वो टायर नीचे किसने रखा था?" मी म्हणलं, मी. त्यांनी निस्तं दोन्ही कानाला हात लावला, आभाळाकडं बघितलं, न् माझ्याकडं बघून मान हलवली. खाली बसले मी तिथंच, बाहीर काढलेल्या त्याच चाकावर. लोक म्हणले, वैनी, उठा, चाक बसवायचंय.

मग जब्बारभाईनं नटं आवळली, चाक बसवलं, गाडी खाली उतरवली. आन समदे बघतेत तर काय... गाडी वाकडी! ज्या बाजूला नवा पाटा बसवला ती बाजू हीऽऽ वर, आन दुसरी बाजू जुनीच, बसलेली. कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राह्यलेली बाईच जशी काय! जब्बारभाई म्हणले, "कल मेरे पास ले आओ, दूसरी तरफ मैं कर देता." लई चांगला माणूस हो. हे मान खाली घालून हां हां म्हणले.

संध्याकाळी भाकरी थापू राह्यले होते, तर आले स्वयंपाकघरात. दाराला टेकून उभे. म्हणतेत, "रत्ना... काय हाय नं, एक बाजू मी केली. आता दुसरी त्यानं केली तर लोक म्हणतेन, सगळंच जब्बारनं केलं. येत्या रविवारी..."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती वट्यावर पडली! मी म्हणलं, करा! खुशाल करा! पण ह्या बारीला खाली मी जाते. तुम्ही राहा बाहीर उभं. तुम्ही मोजा बोटं, तुम्ही धरा अंगठा, आन तुम्ही बघा काय होतंय ते जिवाला!

मला वाटलं, आता तरी पाघळतील. डोळ्यात पाणी येईल, म्हणतील, चुकलं गं बाई. तर अवो... त्यांनी माझ्याकडं नखापासून केसापर्यंत बघितलं. एकदा असं, एकदा असं. आन चेहरा असा खुलला!

"व्हय की गं! हे माझ्या ध्यानातच नाय आलं! तू बारीक हायेस, तुझं पोट बी अडकायचं नाय!"

...आता काय करता, सांगा? आज बुधवार. तीन दिवस झाले, रोज जेवणं उरकली की शिकवणी हाय माझी. सतरा, एकोणीस, बावीस... डोळे झाकून, निस्त्या बोटानं चाचपून वळखते मी आता समदे पाने!